भाग एकशे बारा

इतवारीतल्या एका गोदामात
मी दुपारभर मेलो.
आवाज नको म्हणून कूलर बंद,
बाहेर शेहेचाळीस.
इन्स्पेक्टर बाई वाकल्या,
नखांतला चुना हुंगला,
कॉलरवरचा तर्रीचा डाग पाहून म्हणाल्या,
"जेवून आला होता. एकटा नव्हता."
डाग मेकअपवाल्या ढोबळेनं लावलेला.
मी सकाळपासून उपाशी,
श्वास रोखून,
पापणीवर माशी.

मंगळवारी भाग लागला.
खुनी सापडला,
रूमवरच्या पोरांनी टाळ्या पिटल्या.
मग सावनेरहून आईचा फोन.
खुनाचं तिनं काढलंच नाही.
"दोन सेकंद तुहे पाय दिसले," म्हणाली.
"डाव्या चपलेचा अंगठा तारेनं बांधला होता.
काहून रे,
पैसे नाही भेटले काय?"

म्हटलं, ती प्रेताची चप्पल होती.