अधिक-उणे तीन

दुसऱ्या रेल्वे गेटाशेजारी, तिसऱ्या मजल्यावर
रात्री साडेनऊला माझी सकाळ होते.
पडद्यावर विस्कॉन्सिन, ॲरिझोना, पेन्सिल्व्हेनिया.
ज्या गावांची थंडी कधी अंगावर घेतली नाही
त्यांच्या मनात काय आहे
ते रकान्यांत भरायचं काम माझ्याकडे.
सत्तेचाळीस. सेहेचाळीस. सात टक्के ‘सांगता येत नाही’.
खाली बारीक अक्षरात
त्रुटीची सीमा: अधिक-उणे तीन.

सीमा म्हटलं की बेळगावात माणसं मान वर करतात.
मी नाही केली.
केली थोडी.

खाली चहाच्या गाड्यावर भरमाण्णा हलगेकर.
महापालिकेच्या सात निवडणुका त्यानं बोटांवर सांगितल्यात,
दोन चुकल्या, त्या तो मोजत नाही.
‘काय गे, कोण येतोय तिकडं?’
‘दोघंही येऊ शकतात.’
‘मग पगार कशाचा घेतीस?’

उत्तर होतं. लांब होतं.
कप केव्हाच संपला होता.

गेल्या वर्षी वडगावात, मागांच्या गल्लीत
मी फॉर्म घेऊन उभी. आमच्याच निवडणुकीचा.
शांतव्वानं माग थांबवला तो सूत तुटलं म्हणून,
माझ्यासाठी नाही.
मातृभाषा: एकाच चौकटीत खूण करा.
‘विचारतंय कोण?’ ती म्हणाली.
कन्नडमध्ये विचारलं तेव्हा
गटार निघालं, नळाची वेळ निघाली, आणि एक चिन्ह.
तोच प्रश्न मराठीत फिरवून टाकला
(नियमात बसत नव्हतं)
तर धाकटा भाऊ निघाला, मोर्चात त्यानं खाल्लेली लाठी,
आणि दुसरं चिन्ह.
दोन्ही वेळा ती खोटं बोलत नव्हती.
‘मी सांगतो ते लिही की,’ म्हणाली,
‘खरं, नाव घालू नको.’

आमच्याकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’.
पुण्याहून आलेल्या पर्यवेक्षकानं टेप ऐकली
आणि शेरा मारला: उत्तरदाती ठाम.
असे किती ‘पण’ आम्ही सत्य म्हणून मोजले, देव जाणे.
आकडा दशांशापर्यंत सुबक आला.

त्यावर पुन्हा वजन चढवतात.
कमी सापडलेला तरुण म्हणजे एक पूर्णांक चार माणसं,
फार सापडलेली निवृत्त बाई शून्य पूर्णांक सहा.
एकदा रिकाम्या वेळात मी माझं काढून पाहिलं.
मराठी शाळा, कन्नड दाखला, डॉलरमधला पगार:
नमुन्यात अशी कुणी नव्हतीच.
शून्यानं भाग जात नाही, एवढं कळलं.

आज रात्री दीडला
ईरी नावाच्या गावचा एकजण कानात.
वय चौपन्न, ट्रक दुरुस्ती,
दोनदा इकडे, एकदा तिकडे.
प्रश्न संपतो
आणि अकरा सेकंद नुसता फ्रिजचा आवाज.
नियम सांगतो, पाचानंतर ‘अनिर्णित’ लावा.
मी अकराही ऐकते.
त्याचं ठरलंय की.
विचारतंय कोण, तेवढंच तो चाचपतोय.
भाषा एकच असेल त्याच्या घरी, मला काय माहीत;
खरं, एका भाषेतसुद्धा
बायकोशी बोलायची एक असते, गॅरेजातली एक,
आणि फोनवरच्या परक्या बाईला द्यायची तिसरी.
शेवटी तो म्हणतो, बघू.
म्हणजे त्यांच्यात जे काही ‘बघू’ असेल ते.
मी सातव्या टक्क्यात त्याला नीट बसवते,
खिडकीशी जागा असल्यासारखा.

पहाटे साडेपाचला उतरते तर गेट पडलेलं.
मिरजेकडची गाडी चाललीय.
पलीकडे गाडा उघडत भरमाण्णा,
दोन डब्यांच्या फटीत दिसतो,
नाही दिसत,
दिसतो.
‘सांग की! कोण?’
‘पहिला पुढं हाय,’ मी ओरडते, ‘खरं...’

पुढचं गाडीनं नेलं.
तो तिकडून मान डोलावतो
आणि एक बोट मोडतो.