खोली चार

वेंगुर्ल्याचं केंद्र, खोली चार.
निबंध : मी पाहिलेली पहाट.
बाकीची पोरं सूर्य उगवण्यात गुंतलेली,
कुबलांची विशाखा मात्र
पान उलटून, अगदी तळाशी
आधी शेवटच्या दोन ओळी लिहून मोकळी.

'दहा मिनिटं राहिली, पुरवण्यांना दोरा बांधा.'
सगळे घड्याळ बघतात, ती बघत नाही.
मांडवीच्या खाडीत आईबरोबर तिसऱ्या काढते ती;
पाणी घोट्याला लागलं की वळायचं,
टोपली अर्धी असली तरी.

घंटा झाली.
पहिल्या बाकावरच्या हुशार शौनकचा सूर्य
अजून डोंगराआडच.
तिच्या पानावर मधे चार बोटं कोरी जागा,
आणि खाली
आई, टोपली डोक्यावर,
घरी पोचलेली.