उसने पाच पौंड

तिसरं पत्र आलं. या वेळी लाल अक्षरं नाहीत,
उलट गोडवा: प्रिय मिसेस एव्हिस थर्लो,
तुमचं जुनं मीटर बदलायची वेळ झाली आहे.
वेळ झाली, हे मला आजवर
फक्त डॉक्टर सांगायचे, आणि भरतीचं पाणी.

जुनं मीटर जिन्याखाली, झाडूच्या शेजारी.
त्याच्या तोंडात निळी किल्ली खुपसायची,
ते पैसे मोजून घेतं, मग दिवे लागतात.
संपले, तर पाच पौंड उसने देतं,
पण त्यासाठी एक बटण दाबावं लागतं
आणि बटण आहे गुडघ्याच्या उंचीवर.
उसनं देणाऱ्यापुढे वाकावंच लागतं म्हणा.

नव्याला किल्ली नाही. पैसे फोनवरून भरा,
अंथरुणात पडल्या पडल्या.
ओट्यावर ठेवायला एक छोटा पडदाही मिळेल,
किटली लावली की सांगेल: तीन पेन्स.

मला सांगेल!
बावीस वर्षं ग्रिम्सबीच्या गोदीवर मी जाळी विणली,
नगावर पैसे, अंधाऱ्या शेडमध्ये,
न बघता गाठी मोजत.
किटली अर्धीच भरायची, हे मला पडद्यानं शिकवावं?

सोमवारी कीरन येऊन गेला, नुसतं माप घ्यायला.
विशीतला पोरगा, बूट दाराशी काढून ठेवले.
मी विचारलं, हे तुमच्या हापिसातून बंद करता येतं?
मोजपट्टी सर्रकन डबीत परत गेली.
येतं, म्हणाला. चालूही करता येतं.
खोटं बोलला असता तर बरं झालं असतं,
तिथल्या तिथे नाही म्हणून मोकळी झाले असते.

लॉर्ना लीड्सहून फोनवर ओरडते,
घेऊन टाक ना आई, जानेवारी विसरलीस?
नाही विसरले.
टपालपेटीपाशी बर्फावरून पाय सटकला,
किल्ली मुठीत तशीच.
रेबवार दुकानातून सपातांवर धावत आला,
अंगावर त्याचा कोट टाकला, ॲम्ब्युलन्सला फोन केला,
मग माझी बोटं एकेक करून उघडली
आणि किल्ली घेऊन गेला.
वीस पौंड भरून आणले.
म्हणाला, हॉस्पिटलातून याल तेव्हा घर गार नको.
ते वीस अजून घेत नाही. विषय काढला की
त्याला एकाएकी इंग्रजी कळेनासं होतं.

आता हिशेबच करायचा तर असा:
माझ्या दारापासून त्याच्या काउंटरपर्यंत दोनशे चौदा पावलं.
दर शुक्रवारी दहा पौंड.
तेवढ्यात वीज येते, माझ्या खोकल्याची चौकशी होते,
त्याच्या शिलानचे स्पेलिंगचे दहा शब्द मी तपासते
(‘नेसेसरी’त तिचा एक एस दर वेळी गळतो),
आणि धुक्यात बंदराकडून भोंगा आला
की आम्ही तिघं एकदमच गप्प होतो.
फोनवरून हे भरता येत नाही.
जाळ्यातली एक गाठ सुटली
तर मासा तिथूनच जातो, हे गोदीवर कुणीही सांगेल.
आणि आमची गाठ पडते ती किल्लीमुळे.

पण गुडघाही माझाच आहे. आणि बर्फ दर वर्षी पडतो.

काल हो सांगून टाकलं. पुढच्या महिन्याची सहा तारीख.
हो म्हणताना आवाज बरा होता.

आज शुक्रवार. रेबवारला सांगायलाच गेले होते.
वाटेत वाक्यही जुळवून ठेवलं होतं,
साधंच, चार शब्दांचं.
शिलाननं वही पुढे केली. ‘नेसेसरी’, दोन एस, बरोबर.
तिघं हसलो.
रेबवारनं नेहमीसारखा हात पुढे केला,
मी किल्ली ठेवली त्याच्या तळहातावर.
किती, त्यानं विचारलं.
दहा, मी म्हटलं.
मग जरा थांबून,
नाही, वीस कर.