बाकी साडेसातशे

मशीन तेच आहे.
तोच पिवळट डबा, तोच कळफलक,
ज्यावरचा अ कधीच झिजून गेला, बोटालाच ठाऊक.
जॉस्विनने फक्त डिस्क पुसली.
व्हायरस गेला, पंख्याची घरघरही गेली,
आणि अक्षरांचा प्रोग्राम उघडला तर म्हणतो,
हा संगणक नोंदणीकृत नाही.

मी म्हटलं, अरे, मी सुलक्षा मयेकर,
डिचोली बाजारात चोवीस वर्षं ह्याच खुर्चीवर.
त्याला माझ्याशी घेणं नाही.
मशीनशीही नाही.
तो ओळखतो फक्त एक आठ अक्षरांचा आकडा.
डिस्क फॉरमॅट होते त्या घटकेची तारीख, वेळ
एकत्र कुस्करून तो निघतो, असं जॉस्विन सांगतो.
पुन्हा फॉरमॅट केलं, की दुसरा.

हे मला समजतं.
मामलेदाराच्या बाकावर मी बसून आले आहे,
एका हातात पोर्तुगीज काळातला मात्रीज नंबर,
दुसऱ्यात एक-चौदाचा उतारा,
आणि घर आपलं तिकडे, दोन्ही नंबरांना न ओळखणारं.
शेजारी बसलेल्या मुंडकाराला विचारत होते,
तू इथला कशावरून?
तो म्हणाला, विहिरीकडचा माड मी लावला.
कारकुनाने पेन वर उचललं,
माड कुठल्या रकान्यात लिहायचा ते त्याला कळेना.

दारात मुळगावचा पोरगा उभा आहे.
जत्रेच्या नाटकाचं हँडबिल, पाचशे, संध्याकाळपर्यंत.
दुसरा फाँट टाकून देऊ? जॉस्विन विचारतो.
नको.
आमच्या ळचा पाय जरा मोडका आहे.
देवळाच्या भिंतीवरचा कागद लांबून बघून
लोक म्हणतात, हे मयेकरांकडचं.

कपाटाच्या तळाशी पावती मिळते.
चौदा मे, दोन हजार एक, दुपारी अडीच. ह्यांचं अक्षर.
आकडा लिहिलाय, पण शेवटून दुसरं
बी आहे की आठ, कसर लागून कळत नाही.
आणि खाली पेन्सिलने, बारीक:
बाकी साडेसातशे.

हे मला कधी बोलले नाहीत.

कुडचड्याला फोन लावते. तिसऱ्या खेपेला उचलतात.
कुवेलकर? ज्यांनी तो प्रोग्राम रचला ते?
कोण, डिचोलीचे मयेकर? कसे आहेत?
गेले. अकरा साली.
मग नुसता त्यांच्याकडचा कुकर ऐकू येतो, दोन शिट्ट्या.
चावी आता करता येत नाही गो, म्हणतात,
ती करायचं मशीन मी भंगारात दिलं.
तू जुनाच आकडा नव्या डिस्कवर लिहून टाक. चालतं.
चालतं हे तुम्हाला ठाऊक होतं?
पहिल्या वर्षापासून.
मग ती वाट बंद का नाही केलीत?
केली असती, म्हणतात. पण डिस्क काय,
माझीही बिघडायचीच.

मी साडेसातशेंचं काढते.
कसले साडेसातशे?
खरंच विसरले की विसरल्यासारखं केलं,
फोनवर समजत नाही.

जॉस्विन बी घालून बघतो. नाही.
आठ.
पडदा एकदा काळा होतो, आणि माझी अक्षरं येतात.
आता त्या डिस्कच्या लेखी
चौदा मेची दुपार चालू आहे,
हे ह्या खुर्चीत आहेत, कानामागे पेन्सिल,
आणि घरी काय सांगायचं ते ठरवत आहेत.
मी ते खोडत नाही.

टाइप करते: मुळगाव. मंगळवार.
दोन्हीकडे पाय मोडका.
पोरगा वाकून बघतो, म्हणतो, हां.

जॉस्विन, तुझ्या फोनवरून
कुडचड्याला साडेसातशे जातील?
जातील की, तो म्हणतो.
नंबर सांगा.