उजवं पान

चित्स्के पूल उघडते.
फ्रीसलंडमधल्या एका अरुंद कालव्यावर,
एप्रिल ते ऑक्टोबर, सकाळी नऊपासून.
बोट आली की दांडा फिरवायचा,
रस्ता उभा राहतो, सायकली खोळंबतात,
आणि गळाच्या काठीला बांधलेला लाकडी बूट
ती बोटीपुढे सोडते :
दोन युरो, बुटात.

चार वर्षं
बूट खाली जाताना तिचे गुडघे जुळायचे.
पूल अर्धा वर, शीड ऐन मध्यावर
आणि आतून हाक : आत्ता. आत्ताच.
पूल टाकून कुठे जाणार?
मग काळ्या पँट, सगळ्या काळ्याच.
नवऱ्याला सांगितलं, मळखाऊ असतात.
कॉफी बंद. बहिणीच्या गावची बस बंद.

डॉक्टरांनी तीन दिवस नोंद ठेवायला सांगितली :
किती वाजता, किती मिली, किती वाया.
तिने ती पुलाच्याच वहीत केली.
डाव्या पानावर बोटी, उजव्यावर ती.
उजवं पान आधी भरलं.

लेउवार्डनला तिला पालथं झोपवलं,
माकडहाडाच्या जरा वर सुई घातली.
“जाणवलं की सांगा.”
ती तोंड उघडायच्या आत
पायाचा अंगठा आपणहून वाकला.
“हीच नस,” डॉक्टर वीआर्दा म्हणाली.
शाळेत आपण करंगळी वर करायचो,
बाई हो म्हणेपर्यंत जीव मुठीत.
इथे हो म्हणाला अंगठा.

चौदा दिवस तार पाठीतून बाहेर, डबी पट्ट्याला.
मग कायमचं यंत्र कमरेखालच्या मांसात,
बिस्किटाएवढं.
वीब्रेन विचारतो, कसं वाटतं?
मांजर घुरघुरतं तसं, ती म्हणते.
कुठे?
ती हसते. तो पुढे विचारत नाही.

सगळं सुटलं असं नाही.
नळ वाहताना ती अजून थबकते,
पिशवीत जादा चड्डी असतेच.
रिमोटवर एक पूर्णांक दोन.
वाढवला की अंगठा बुटात उगाच नाचतो.

आज एका जर्मन बोटीवरचा पोरगा
नाणं शोधत बसला. हा खिसा, तो खिसा,
मग आईची पर्स.
चित्स्के काठी धरून उभी.
हाक आली.
आली, पण दारावर टकटक करून,
आत न घुसता.
थांब, ती म्हणाली. आणि ती थांबली.

नाणं पडलं.
बूट वर आला, थोडं कालव्याचं पाणी घेऊन.
रस्ता आडवा झाला, सायकली गेल्या.
तिने डाव्या पानावर वेळ लिहिली,
टोपण लावलं
आणि मग गेली,
चालत.