सामूहिक

वल्ली आता पेपर मोठ्याने वाचते,
चपलांच्या सेलची जाहिरातसुद्धा सोडत नाही.
लष्करात राहतो आम्ही. म्हणजे सैन्यात नाही,
ग्वाल्हेरच्या ह्या भागाचं नावच लष्कर.
इथल्या मुलांना मराठीच्या आधी हिंदी वाचता येतं.
आज ती तिसऱ्या पानावर अडली.
"आई, सामूहिक विनाश म्हणजे?
शाळेत सामूहिक गान असतं, तसं?
सगळ्यांनी मिळून करायचं?"

कुकरची शेवटची शिट्टी व्हायची होती.
म्हटलं, थांब, गॅस बंद करते,
आणि त्या शब्दापाशी जरा थबकले.

कारण माझी नोकरी त्यातलीच.
शहराबाहेरच्या प्रयोगशाळेत मी शिवणी तपासते.
कापडाचे दोन तुकडे जुळतात,
तिथून आत काय येतं, किती मिनिटांत.
घरी सांगितलंय, आई रेनकोट बनवते.
खोटं नाही ते.
फक्त पाऊस कुठला, ते सांगितलेलं नाही.

"आठवतं, गणपतीत गल्लीत धुराची गाडी आली होती?
मच्छरांची? तुम्ही सगळे मागे पळत होतात,
खालच्या मजल्यावरचा नकुलसुद्धा.
दुसऱ्या दिवशी कुंडीपाशी काय सापडलं होतं तुला?"
"लाल किडा. ठिपक्यांचा. मी काडेपेटीत ठेवला त्याला."
"तो चावायचा?"
"नाही."
"धुराला ते माहीत होतं?"
ती वेणीचं टोक चावत विचार करते.
"धुराला नाही.
पण गाडीवाल्या अंकलना माहीत होतं ना?"

माझे एक मामा चौऱ्याऐंशीत भोपाळला होते,
स्टेशनवर, रात्रपाळीला.
अजून जिना चढताना तीनदा थांबतात.
ते म्हणतात, ते शस्त्र नव्हतं, कारखाना होता.
शस्त्र असतं तर कुणीतरी आधी,
चहा पीत, नकाशा पसरून,
वारा कुठल्या दिशेला आहे ते विचारलं असतं.
हे मी वल्लीला सांगत नाही.
एवढंच म्हणते, "हो. अंकलना माहीत असतं."

"आणि बॉम्ब? तो किल्ल्याएवढा असतो?"
"नाही गं. आपल्या फ्रिजएवढा पुरतो."
"गच्चीवरून दिसतो तो सगळा किल्ला जाईल?"
"गच्ची पण."
मग तिने पान उलटलं. राशिभविष्य. तिची मीन.

रात्री मी शिवणाच्या डब्यातून टेप काढली.
ऑफिसात नवं पत्रक आलंय,
वयोगट पाच ते नऊ, नमुन्याची मापं हवीत.
कुशवाहसाहेब म्हणाले होते,
आपके घर में तो है ना एक.
उंची एकशे अठरा. छाती अठ्ठावन्न.
डोक्याचा घेर एक्कावन्न, वेण्या सोडून.
"दिवाळीचा ड्रेस?"
"रेनकोट."
"पाऊस तर संपला! बरं, जांभळा कर.
आणि खिसा हवा, गजक ठेवायला."
"खिसा नाही करता येत. खिशात साचतं."
"पाणी?"
"हं."
"आणि आत असताना शू लागली तर?"

टेप तिच्या कमरेभोवती तशीच राहिली.
अकरा पानांचं पत्रक आहे ते.
मिनिटाला श्वास किती, घाम किती,
मूल रडलं तर काच किती वेळात धुरकटते, तेही आहे.
हे कुठेच नाही.

"सांग ना, आई."
"सोमवारी मीटिंग आहे. विचारते."

मापांच्या खाली पेन्सिलीने तिचा प्रश्न लिहून घेतला.
ती माझ्या खांद्यावर हनुवटी टेकून
एकेक अक्षर वाचत होती.
"तू चुकलीस," म्हणाली,
"शू दीर्घ असतो."
मी खोडून पुन्हा लिहिलं.