दगडाला एक चहा

कलतूमची शेगडी पोलिसांनी सात वेळा उचलून नेली.
सातव्या वेळी तिने पावती मागितली.
शिपाई हसला, तीही हसली,
आणि दुसऱ्या दिवशी नाईलकाठच्या त्याच कडुनिंबाखाली
थंड केटली मांडीवर घेऊन बसली.

त्या दिवसांत आम्ही खार्टूमभरातून येऊन
लष्कराच्या फाटकासमोर ठाण मांडलं होतं.
घोषणा ओठांवर, दगड खिशात.
कुणी हात उचलायचा नाही, असं सभेत कबूल केलं होतं;
खिसे कुणी तपासले नव्हते.

तिने तपासले.
हात न लावता, नुसत्या चालण्यावरून:
"डावीकडे कललायस पोरा. किती आहेत?"
"तीन."
"मला तीनच लागतात."
मुअतसिमच्या दगडांवर तिने चूल मांडली.

मग भावच ठरला. दगडाला एक चहा,
दोन दिले तर आलं घालून.
"पण राग आहे," कुणी म्हणालं, तर म्हणे,
"असू दे, राग कुठे मागितलाय मी?"
विद्यापीठातली पोरं वाद घालायला आली,
सिद्धान्त, इतिहास, कुठल्या देशात काय झालं.
"ते सगळं चुलीत घाला," ती म्हणाली,
"आणि खिशातलं चुलीला लावा."
आठवड्यात चार चुली झाल्या,
उरलेल्या दगडांचा ओटा. त्यावर रात्री
बायका पाळीपाळीने पाठ टेकत.

एका दुपारी तांबड्या धुळीचं वादळ उठलं.
पलीकडचा एक पोरसवदा सैनिक वाट चुकून
आमच्यातच येऊन बसला, डोळे चोळत,
बंदूक मांडीवर. कुणी हलेना.
तिने ग्लास पुढे केला.
त्याने खिसे चाचपले, ना दगड ना पैसा.
एक काडतूस काढून धरलं.
"हे माझ्या चुलीला लागत नाही," म्हणत तिने
कडुनिंबाच्या बुंध्यावर कोळशाने रेघ ओढली.
उधार.

पुढारी कोण, असं कोठडीत विचारायचे.
नाव सांग, सुटशील.
मी तिचं नाव सांगितलं.
हो, सांगितलं. तिसऱ्या रात्री.
अधिकारी खुर्चीतून उठलाच: चहावाली? मला खुळा समजतोस?
त्या थपडेत माझा डावा कान गेला
आणि ती वाचली.
हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

मग ती पहाट, जिच्याबद्दल मी लिहीत नाही.
मुअतसिम तीत गेला.

नवव्या दिवशी कलतूम परत आली, एक हात गळ्यात बांधलेला.
विणलेली बुटकी स्टुलं मोजली: अकरापैकी चार.
ओटा फुटलेला, दगड रस्ताभर,
आणि ते वेचायला आम्ही आधीच वाकलो होतो,
चुलीसाठी नव्हे.
तिला कळलं. ती ओरडली नाही.
एका हाताने तीन दगड जुळवले, फुंकर घातली,
खोकली,
आणि तळवा पुढे केला.

एकेक जण देत गेला.
कुणी रडत, कुणी दातओठ खात.
मुअतसिमचा भाऊ बद्री शेवटचा.
त्याचा हात खिशात होता, खिशातच राहिला.
तिने तरी चहा दिला. तो निवला.
मातीत ओतून दुसरा दिला. तोही निवला.
फाटकावर पहारा बदलला;
नव्या चेहऱ्यांत उधारीवाला कोण, ओळखू येईना.

तिसरा ग्लास बद्रीने डाव्या हातात घेतला.
एक घोट प्याला.
"साखर कमी आहे," म्हणाला.

साखरेच्या डब्याचं झाकण घट्ट होतं,
तिला एकच हात.
तिने डबा त्याच्यापुढे धरला.